पिवळ्या गाडीमागे जाऊ नकोस

कोर्पिवारा, १० नोव्हेंबर

सैला,

हे पत्र तू उघडशील की तसंच चुलीत टाकशील, ठाऊक नाही. मँचेस्टरच्या घरांत चूल नसते म्हणे, म्हणजे टाकायचं तरी उठून कचऱ्याच्या डब्यापर्यंत जावं लागेल. तेवढ्या वाटेत चार ओळी वाच, मग टाक.

तुझा फोटो आपल्या पेपरात आलाय. आपल्या गावची पोरगी कप्तान झाली, १३ डिसेंबरला नाताळचं विमान घेऊन गावात येणार, असं खाली छापलंय. टोपी वाकडी आहे. पोस्टवाली पोरगी म्हणाली, "ऐलीआजी, नातीचा केवढा अभिमान वाटत असेल!" मी म्हटलं, "पेपर भिजवून आणलास, त्याचं काय ते बोल."

सहा वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस, बापाशीही नाही. बोलू नकोस. मी काही मनधरणी करायला बसलेली नाही.

काल रविवार. तैस्तो, तुझा बाप, नेहमीसारखा जेवायला आला. सॅमनचं सूप होतं. दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवून म्हणाला, "आई, मेल्यांनी दिवे हलवलेत."

"कुठले दिवे?"

"विमानांच्या मैदानावरचे. निळे. उन्हाळ्यात मी पाठीसाठी रजेवर होतो ना, तेव्हा नवे बसवले. आकडा चुकतोय."

मग हळूहळू बाहेर पडलं. शुक्रवारी पहिला मोठा बर्फ पडला. तैस्तो विमानांना वाट दाखवायची पिवळी गाडी घेऊन एकटाच निघाला होता, धावपट्टीच्या तोंडापर्यंतचा रस्ता बघून यायला. मागे विमान नव्हतं. टॉवरमधला ओस्कारी एकदम रेडिओवर ओरडला, "तैस्तो! थांब, गाढवा! थांबायची लाल रेषा कधीच मागे गेली!" अजून एक दिवा पुढे गेला असता तर तो धावपट्टीवर असता. ओस्कारी त्याच्याबरोबर गळ टाकून बसणारा माणूस, त्याने कुठे लिहून ठेवलं नाही. दोघं नंतर हसले म्हणे.

मीही हसले. म्हटलं, "दिवे हलवायला त्यांना काय पाय आहेत?"

तो गेल्यावर मी भांडी घासली, आणि हात तसेच पाण्यात राहिले. माझ्या मनात आलं, गाडीला समोर एवढी मोठी काच आहे. मग हा माणूस दिवे मोजतो कशाला?

ऐली आजी


१७ नोव्हेंबर

सैला,

पहिलं पत्र परत आलं नाही. म्हणजे एकतर तू वाचलंस, नाहीतर इंग्रजांचं पोस्ट आपल्यापेक्षा वाईट आहे.

मोजण्याचं खूळ माझंच. एकतीस वर्षं मी त्या मैदानावरचे दिवे पुसले. तू लहान होतीस, तुला आठवत असेल तर माझ्या अंगाचा स्पिरिटचा वास आठवेल. चार यत्ता शिकलेल्या बाईला सरकारने तेवढंच काम दिलं, आणि ते मी केलं. शाळा सुटली की तैस्तो माझ्या मागे यायचा. आकडे तो तिथेच शिकला. शेडच्या कोपऱ्यापासून डाव्या हाताने एकोणीस निळे दिवे, की थांबायचं, पुढे धावपट्टी. धुकं असो की बर्फ, एकोणीस म्हणजे एकोणीस. मी त्याला डोळे मिटून चालायला लावायचे आणि वर शाबासकी द्यायचे. तेव्हा वाटायचं, पोरगा हुशार निघाला.

काल मी परीक्षा घेतली. त्याच्यासमोर सूप ठेवलं, पाव ठेवला, आणि कॉफीचा कप मुद्दाम उजवीकडे, कोपराजवळ. बोलता बोलता त्याने हात हलवला. कप खाली. माझ्या आईच्या वेळचा कप होता, गेला.

"इथे कोणी ठेवला?" म्हणाला.

"मी. तुझ्या नाकासमोर."

"नाकासमोर नव्हता."

"मग कुठे होता? सांग, कुठे होता?"

मी उठून त्याच्या बाजूला उभी राहिले, कानापासून एक हात लांब. चमचा हलवला. त्याला पत्ताच नाही. तो समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "आई, तू कुठे गेलीस?"

सैला, मी आयुष्यात अस्वलाला घाबरले नाही. काल घाबरले.

मग त्यानेच सांगितलं, नळीतून बघावं तसं त्याला दिसतं. मधलं स्वच्छ, कडेचं गेलेलं. दोन वर्षं झाली. डॉक्टरकडे फळ्यावरची अक्षरं धडाधड वाचतो, कारण अक्षरं समोर असतात. मैदानावर थांबायच्या रेषेचे लाल दिवे जमिनीत बसवलेत, बर्फ पडला की ते झाकतात, आणि मग उरते ती उजव्या कडेची लाल पाटी. कडेचं तर त्याच्याकडे काही उरलंच नाही. नळी डावीकडे धरतो आणि एकेक निळा दिवा मोजत जातो. त्याच्या मागे दोनशे माणसांचं विमान, आणि विमानाच्या कप्तानाला वाटतं, पुढच्याला रस्ता माहीत आहे.

"रित्वाला सांग," मी म्हटलं. रित्वा आता मैदानाची मुख्य आहे.

"सांगितलं तर मला काय राहतं? घरी बसून भिंत बघू?"

"भिंत तरी हलत नाही."

"तू सांगितलंस," तो म्हणाला, "तर तुला मुलगा नाही असं समज." आवाज चढवला नाही. त्याने आवाज चढवला असता तर मी दोन चढवले असते.

तुला हे का लिहिते? गावात कोणाला सांगणार!

ऐली आजी


२८ नोव्हेंबर

सैला,

आता काळजीचं कारण नाही. त्याने नवा आकडा शोधलाय. नवे दिवे लांब लांब बसवलेत म्हणून कमी लागतात. बारा. बाराव्याला थांबला की लाल रेषेच्या अलीकडे चांगली दहा पावलं राहतात. या आठवड्यात चार विमानं नेऊन पोचवली, सगळी नीट उडाली.

सूर्य परवापासून डोंगराच्या वर येत नाही. दुपारी दोन तास निळं उजाडतं, तेवढंच. मी बर्फावरून ढकलायची घसरगाडी घेऊन मैदानाच्या कुंपणाकडे फिरायला जाते, हवा बरी असते. नाताळची विमानं सुरू झाली. इंग्रज पोरं लाल टोप्या घालून उतरतात, बर्फ खातात आणि ओरडतात. त्यातलं एक कुंपणापाशी येऊन मला बघत उभं राहिलं. त्याला बहुतेक मी नाताळच्या म्हातारबाबाची बायको वाटले. मी जीभ दाखवली.

रित्वा भेटली. "ऐलीमावशी, हल्ली रोज कुंपणाला? परत कामावर यायचंय की काय?" म्हणाली. मी म्हटलं, "तुमचे दिवे मळके आहेत." ती हसली आणि गेली. सांगायचं होतं ते तोंडात आलं होतं. बरं झालं, नाही सांगितलं. सगळं ठीक चाललंय.

ऐली आजी


५ डिसेंबर

सैला,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. बारा हा आकडा त्याने शोधला नाही. मी शोधला. मी कुंपणाच्या बाहेरून, घसरगाडीवर बसून, बोटांवर मोजला, आणि रविवारी सुपाबरोबर त्याला दिला. तो नुसता "बरं" म्हणाला आणि जेवला. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. मलाही बरं वाटलं, हे खोटं का सांगू.

काल बर्फ पडला. आज मी गेले. दोन दिवे नाहीत.

तुला हे कळलं पाहिजे, कारण तुम्ही वरून बघता, तुम्हाला दिवे म्हणजे आकाशातले तारे वाटतात, कायमचे. ते दिवे मुद्दाम कच्च्या मानेचे केलेले असतात. विमानाचं चाक लागलं तर दिवा मोडावा, विमान नाही. म्हणून बर्फ ढकलणारा ट्रक येता-जाता फाळाने एखादा दिवा खातोच. एकतीस वर्षं मीच ती मोडकी डोकी बादलीत गोळा केली. दर बर्फाला एक, कधी तीन. हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही, आणि मी त्याला आकडा देऊन बसले. दोन दिवे गेले की त्याचा बारावा म्हणजे खरा चौदावा. चौदाव्यालाच ओस्कारी ओरडला होता.

मी धावत घरी आले. या वयात धावते म्हणजे काय ते समज. फोन केला. "तैस्तो, आता दहा."

"दहा काय?"

"दहा मोज! दोन मोडलेत."

"बरं, दहा." जणू मी अंडी सांगत होते.

फोन ठेवला आणि मला चैन पडेना. परत गेले. परत मोजले. अकरा आले. पुन्हा मोजले, दहा. पुन्हा, अकरा. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, वारा लागला की पाणी येतं, एका दिव्याचे दोन होतात. तिथे उभी राहिले आणि मला ओरडावंसं वाटलं. आंधळा मोजतोय आणि आंधळी त्याला आकडे पुरवतेय, आणि मागे लाल टोप्या घातलेली पोरं.

त्याने विचारलं तर मी काय सांगू? मला आकडा माहीत नाही. उद्या ट्रक तिसरा मोडेल. परवा कोणी येऊन दोन नवे लावेल. मला काही माहीत नाही.

मैदानाच्या फाटकापर्यंत गेले होते. रखवालदार म्हणाला, "रित्वाबाई मीटिंगमध्ये आहेत, बसा, कॉफी घ्या." मी कॉफी घेतली. एक पाव खाल्ला. आणि परत आले. माझी जीभ, सैला! अख्खं गाव जिला टरकून असतं ती जीभ टाळूला चिकटून बसली. वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं, "माझा मुलगा आंधळा होतोय." ते मला म्हणता येईना.

म्हणून तुला लिहिते. हे रजिस्टरने पाठवतेय. पोस्टवाली म्हणते पाच दिवस लागतील. देव करो आणि ती एकदा तरी खरं बोललेली असो.

नीट वाच. तेराला इथून परत उडताना बर्फ असेल तर तुझ्यापुढे पिवळी गाडी येईल, पाठीवर 'माझ्यामागे या' अशी पाटी लावलेली. आत तुझा बाप असेल. तिच्यामागे जाऊ नकोस. ती जाऊ दे कुठे जायची तिथे. तू उजवीकडची लाल पाटी शोध आणि तिथे थांब. कोणी काहीही म्हणो, तिथे थांब.

आणि ते सहा वर्षांपूर्वीचं जुनं. तुझ्या आजोबांच्या दफनाला तू विमान घेऊन आलीस, धुकं बघून वरच्या वर दोन घिरट्या घातल्यास आणि परत गेलीस, आणि मी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, कप्तान व्हायला निघाली आणि ढगाला भ्याली. तुझ्या बापाने मान डोलावली. त्याला मीच शिकवलं होतं ना, धुक्यात डोळे मिटून चालायला. ते वाक्य तुला कोणीतरी पोचवलं. कोणी, ते मला माहीत आहे, आता ती मेली.

भित्रीच राहा, सैला. मी सांगते म्हणून. खूप भी.

ऐली आजी

उद्या आपल्या देशाचा स्वातंत्र्यदिन. रिवाजाप्रमाणे खिडकीत दोन मेणबत्त्या लावायच्या आहेत.


१४ डिसेंबर

सैला,

तुला काय दिसलं ते तू विमानातून पाहिलंस. मला कुंपणातून काय दिसलं ते लिहिते, कारण तुझ्या मागे काय झालं ते तुला माहीत नाही.

तुझ्या विमानातली पोरं सकाळी उतरली. परत निघायच्या वेळेला, दुपारी पावणेदोनला, बर्फ असा पडायला लागला की मला माझ्या घसरगाडीचं टोक दिसेना. तिथे मी साडेबारापासून उभी होते. ट्रक दोनदा फिरून गेला होता. त्याने किती दिवे खाल्ले ते देवाला ठाऊक. तुझ्या बापाला मी सकाळी फोन केला होता. "आज आजारी पड," म्हटलं. "मला बरं आहे," म्हणाला. "ते विमान सैलाचं आहे," म्हटलं. तो म्हणाला, "मग तर मीच नेणार. नीट नेईन." त्याला वाटलं, तेवढं तरी तुझ्यासाठी करावं. तुला मुद्दाम सांगते, काय करायचं ते कर.

पिवळा दिवा फिरत पुढे आला. मागे तुझ्या विमानाचं धूड, दोन मोठे डोळे लावून. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. माझ्या मोजण्याने काय झालं ते झालंच होतं.

गाडी लाल पाटीपाशी आली. थांबली नाही. मी कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरली. गाडी पुढे गेली. आणि तुझं विमान थांबलं. तिथेच, पाटीच्या अलीकडे, चाक रोवून. गाडी एकटीच पुढे पुढे, पाटी मिरवत, 'माझ्यामागे या', आणि मागे कोणी नाही.

मग उजव्या हाताला आभाळात उजेड झाला. खाली खाली येत होता. कोणाचं विमान ते मला नंतर कळलं, डच लोकांचं. त्या बर्फात तो उजेड दुधाच्या भांड्यात मेणबत्ती धरावी तसा, आणि माझा पोरगा त्याच्या वाटेत, दिवा शोधत. मी ओरडले. काय ओरडले माहीत नाही. कोणी ऐकण्यासारखं नव्हतं.

आणि तो उजेड एकदम वर उचलला गेला. असा आवाज झाला की माझ्या टोपीवरचा बर्फ खाली पडला.

ओस्कारी नंतर म्हणाला, रेडिओवर त्याच्याआधी बाईचा आवाज आला. "पिवळी गाडी धावपट्टीवर आहे. उतरू नका. पुन्हा सांगते, उतरू नका." एकदाही अडखळली नाही, म्हणाला. त्याचे स्वतःचे दात वाजत होते.

तुम्ही पाऊण तास उभे होतात. मग गेलात. मी विमानाच्या खिडक्यांकडे बघितलं, पण कुठली तुझी ते कळलं नाही. हातही हलवला नाही. वेड्यासारखं दिसलं असतं.

आता यापुढचं. तू गेल्यावर शेडमध्ये ते दोघं बसले होते. मी फाटकातून सरळ आत गेले, रखवालदाराने अडवलं नाही, माझं तोंड बघून. तुझा बाप बाकावर, हातमोजे तसेच चढवलेले. ओस्कारी त्याला सांगत होता, "पाटी बर्फाने झाकली होती. मी तसंच लिहितो. तू पण तसंच म्हण. संपलं."

"पाटी झाकली नव्हती," मी म्हटलं. "मला कुंपणातून दिसत होती, मोतीबिंदूच्या डोळ्याने."

"ऐलीमावशी, तुम्ही यात पडू नका."

"पडलेलीच आहे. आकडा माझा होता."

तैस्तो माझ्याकडे वळला. मी नक्की कुठे उभी आहे ते त्याला कळेना. तो जरा चुकीच्या बाजूला बघत म्हणाला, "आई, घरी जा."

मी त्याच्या त्या चुकीच्या बघण्याकडे पाहिलं. खरं सांगते, मन म्हणालं, जा घरी. तुझी नात वाचली, तुझा मुलगा वाचला, कोणाला काही लागलं नाही, चूल विझत आली असेल. दार उघडायला हातही लावला. तेव्हा भिंतीवरचा फळा दिसला. सोमवारी चार विमानं, मंगळवारी पाच. ब्रिस्टल, लीड्स, आम्स्टरडॅम. त्यांच्या कप्तानांना कोणाची आजी पत्र लिहीत नाही.

रित्वाच्या खोलीत गेले. ती फोनवर होती. मी म्हटलं, "ठेव तो." तिने ठेवला. मी सगळं सांगितलं. डोळे, नळी, एकोणीस, बारा, दहा की अकरा, कप, सगळं. ती लिहीत राहिली. मधे एकदा म्हणाली, "मावशी, जरा हळू." मी म्हटलं, "हळू बोलले तर थांबेन."

खाली सही घेतली. मी सही करते ती अजून पहिल्या यत्तेतल्यासारखी, अक्षर अक्षर सुटं. रित्वाने त्याची किल्ली काढून घेतली. सगळ्यांसमोर नाही, तेवढं तिने केलं. गाडी चालवायचा परवानाही जाणार. ती मला सोडायला फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "फार आधी यायला हवं होतं तुम्ही." खरं आहे. सहानुभूतीचे शब्द ती बोलली नाही, म्हणून मला ती आवडली.

हे तुला कळवते कारण चौकशीवाले तुलाही विचारतील. तू माझी पत्रं दाखव. सगळी, खोटं लिहिलेलं पण. आजीला वाचवायला जाऊ नकोस.

आज रविवार. सूप केलंय, सवयीने. तो येईल असं वाटलं नव्हतं. काल संध्याकाळपासून फोन उचलत नाही, आणि मी रात्रभर त्याच्या घराच्या दिशेला बघत बसले होते, तिथे बंदूक आहे, आजोबांची. हे कोणाला सांगितलं नाही, तुला सांगते.

आता खिडकीतून दिसतोय. पायी येतोय. दोन किलोमीटर. रस्त्याच्या कडेच्या बर्फाला पायाने चाचपत, एक हात पुढे धरून. माझ्याशी भांडायला येतोय, की जेवायला, की आणखी कशाला, इथून कळत नाही. मान खाली आहे. काखेत काहीतरी धरलंय, पण बर्फात दिसत नाही.

पायरीपाशी आला. दारावर हात फिरवतोय. कडी त्याला सापडत नाही.

उठते. उघडते.

ऐली